आधी कोण कुठे बसणार ते ठरवा, मग गाडी

कासारवडवलीहून निलेश लिहितात: "आमची हॅचबॅक बारा वर्षांची झाली, आता सेदान घ्यायचीय. घरात मी, बायको, चार वर्षांची मुलगी आणि आई. आईचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. रोज ऐरोलीला ऑफिसला मी एकटाच जातो, आणि महिन्या-दीड महिन्यातून सगळे सिन्नरला गावी जातो. बजेट ऑन रोड सतरा लाखांपर्यंत. व्हर्ना, सिटी, व्हर्टस आणि स्लाविया चारही बघून आलो आणि डोकं आणखीच फिरलं. एक सेल्समन म्हणतो एडास (कॅमेऱ्याने रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) नसलेली गाडी आता घेऊच नका, दुसरा म्हणतो आमचा पत्रा जाड आहे, तिसरा नुसतं फाइव्ह स्टार फाइव्ह स्टार करतो. मेहुणा म्हणतो सेदान कशाला, एसयूव्ही घे. सेफ्टी बघायची तर नक्की कशात बघायची?"

निलेश, आधी मेहुण्याचं निपटवून टाकू, कारण गाडी घेताना प्रत्येक घरात एक मेहुणा असतोच (मी स्वतः तीन घरांचा मेहुणा आहे, त्यामुळे अनुभवाने बोलतोय). सेदान बुटकी असते, वजन जमिनीजवळ असतं, त्यामुळे अचानक कट मारावा लागला तर उंच गाडीपेक्षा कमी डोलते. आणि दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाही, ती म्हणजे डिकी वेगळी असते. तुमचं सिन्नरहून येणारं सामान, कांद्याची गोणी, तेलाचा डबा, आईने बांधून दिलेलं काय काय, हे सगळं मागच्या सीटच्या पाठीमागे बंद राहतं. हॅचबॅकमध्ये किंवा एसयूव्हीमध्ये सीटच्या पाठीच्या वर रचलेलं सामान जोरात ब्रेक लागला की सरळ डोक्यावर येतं. माझ्याकडे हॅचबॅक होती तेव्हा माजिवड्याच्या पुलावर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मी पण मारला, आणि मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेली स्टीलची पाण्याची बाटली दोन सीटच्या मधून येऊन गिअरच्या दांड्यावर आदळली. स्पीड असेल तीस-पस्तीस. गिअरच्या मुठीवर अजून खाच होती गाडी विकली तेव्हा. म्हणून सेदान घेतलीत तरी त्या मागच्या काचेखाली छत्री, टिश्यूचा डबा, बाप्पा, काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

आता पत्रा. शोरूममध्ये बॉनेटवर अंगठा दाबून बघणारे लोक मी इतके पाहिलेत, आणि सेल्समन पण दाबून दाखवतो, बघा साहेब दबत नाही. बॉनेटचा, दरवाजाचा वरचा पत्रा तुम्हाला वाचवत नाही हो. वाचवतो तो आतला सांगाडा, म्हणजे तुमच्या भोवतीचा पिंजरा, दोन्ही बाजूचे खांब, छताच्या कडा, दरवाजाखालची पट्टी, आणि तो अंगठ्याने कळत नाही. उलट गाडीचं नाक चुरगळायलाच हवं, धक्का तिथे खर्च झाला तरच तुमच्यापर्यंत कमी येतो. ही अक्कल काही नवीन नाही, मर्सिडीजच्या बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने १९५२ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. नाक मऊ, पिंजरा कडक. जुन्या अँबॅसिडरला ठोकलं तरी काही व्हायचं नाही म्हणतात ना, गाडीला व्हायचं नाही हे खरं, आतल्या माणसाला व्हायचं.

पिंजरा कसा आहे हे बघायचं असेल तर मग क्रॅश टेस्टचा रिपोर्ट, आणि नुसते स्टार नाही, पूर्ण रिपोर्ट. ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेने व्हर्टस आणि स्लाविया २०२३ च्या एप्रिलमध्ये तपासल्या, दोन्हींना मोठ्या माणसांसाठी ३४ पैकी २९.७१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२, पाच स्टार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्नाचा रिपोर्ट आला, ३४ पैकी २८.१८, मुलांसाठी तेच ४२, तिलाही पाच स्टार. म्हणजे सारखंच की, असं वाटतं. पण खाली एक ओळ असते बॉडीशेलची, तिथे व्हर्टस-स्लावियासमोर स्टेबल लिहिलंय आणि व्हर्नासमोर अनस्टेबल. मार्क टेस्टच्या वेळी गाडीत माणसांच्या जागी बसवलेल्या बाहुल्यांना किती इजा झाली त्यावर मिळतात, एअरबॅग आणि बेल्टनी आपलं काम चोख केलं की बाहुल्या वाचतात आणि स्टार मिळतात, पण अनस्टेबल म्हणजे त्या धक्क्यातच सांगाड्याने हात टेकायला सुरुवात केली होती, यापेक्षा जास्त मार आला तर झेलायला फारसं शिल्लक नाही.

आणि जास्त मार म्हणजे किती, तर समोरच्या धडकेची टेस्ट होते ६४ किलोमीटर ताशी वेगाने. तुम्ही सिन्नरला जाणार आमण्याहून समृद्धीने, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून सगळं ठाणे तिकडूनच जातंय, आणि तिथे कारला १२० ची लिमिट आहे. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, या हिशोबाने १२० ला गाडीच्या अंगात ६४ च्या साडेतीन पट जोर असतो. कुठलीच गाडी त्याची टेस्ट देऊन आलेली नाही. म्हणून मला स्टेबल हा शब्द दीड मार्कापेक्षा मोठा वाटतो. व्हर्ना वाईट गाडी आहे असं नाही, चालवायला चौघींत मला ती जास्त आवडते, पण तुम्ही सेफ्टीचं विचारलंत.

सिटीचं जरा गोंधळाचं आहे. ग्लोबल एनकॅपने तपासली ती चौथ्या पिढीची जुनी सिटी, तिला चार स्टार मिळाले होते, ते पण जुन्या सोप्या नियमांनी. तुम्ही बघून आलात ती पाचव्या पिढीची, तिला आसियान एनकॅपचे पाच स्टार आहेत, ते तिकडच्या म्हणजे आग्नेय आशियातल्या बाजारातल्या गाडीचे. शोरूममधला माणूस पाच स्टार म्हणाला असेल तर कुठले पाच, हे विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

हे सगळं झालं तरी माझ्या मते तुम्ही सुरुवातच उलट्या टोकाने केलीय. चार शोरूम फिरलात, एकटे फिरलात ना? पत्रात तरी आई आणि मुलगी बरोबर होत्या असं दिसत नाही. गाडीत कोण कुठे बसणार हे आधी ठरवा, मग गाडी आपोआप ठरते. आपल्याकडे फूटपाथ डावीकडे, म्हणजे मुलीला पण डावीकडून चढवायला हवं आणि आईला पण डावीकडूनच, कारण गुडघेदुखीवाल्या माणसाला उजवीकडून उतरायचं म्हणजे मागून येणाऱ्या बाइकच्या तोंडावर दार उघडून, एक हात दाराला, एक हात गुडघ्याला, आणि घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडला कुणी थांबत नाही. मधली सीट आईला देऊच नका, सरकत सरकत जाणं गुडघ्याला जमत नाही आणि व्हर्टस-स्लावियात तर मधल्या पायाखाली गाडीच्या तळाचा चांगला उंचवटा आहे.

माझा हिशोब असा की आई पुढे तुमच्या शेजारी, मुलगी मागे डावीकडे चाइल्ड सीटमध्ये, बायको मागे उजवीकडे तिच्या शेजारी. पुढची सीट मागे सरकवता येते, पाय लांब करून बसता येतं, आणि सरकवल्यामुळे डॅशबोर्डच्या एअरबॅगपासून आई लांब राहते, जे हवंच असतं. बायकोला मागे बसवलं म्हणून ती चिडली तर माझं नाव सांगू नका.

आईचा बेल्ट मात्र तुम्ही स्वतः एकदा लावून बघा. आमच्या आईची रोजची तक्रार, गळ्याला काचतो, म्हणून ती बेल्ट काखेखालून घ्यायची आणि वरून पदर नीट करायची, लांबून बघणाऱ्याला वाटेल बेल्ट लावलाय. तसा बेल्ट धडकेत बरगड्या मोडतो. दरवाजाच्या खांबावर बेल्ट वरखाली करायचं बटण असतं, ते दाबून एक-दोन घर खाली घेतलं की पट्टा खांद्याच्या मधोमध येतो, गळा सुटतो. खालचा पट्टा पोटावर नाही तर खाली कमरेच्या हाडावर, निऱ्यांच्या गाठोड्यावरून गेला तर तो सैल राहतो, म्हणून निऱ्यांच्या खालून ओढून घ्यायचा. हे दोन मिनिटांचं काम आमच्याकडे सहा वर्षं कुणी केलं नव्हतं, मी गाड्यांवर लिहितो तरी. शोरूममध्ये आईला नेलंत की हेच करून बघा, चारही गाड्यांत, पट्टा कुठे येतो आणि उतरताना त्या कशाला धरतात.

मागच्या बेल्टचं वेगळं सांगायला नको खरं तर. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली, गाडी मर्सिडीज, एअरबॅग भरपूर, पुढचे दोघं वाचले आणि मागे बसलेले दोघं गेले, मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. तो तोच अहमदाबाद हायवे, ज्याला आपण घोडबंदर रोडने पुढे जाऊन लागतो. त्यानंतर महिना दोन महिने सगळ्यांनी मागे बेल्ट लावले, मग परत सीट कव्हरच्या खाली गेले. तुमच्या जुन्या गाडीत मागच्या बेल्टचं कुलूप शोधा बरं आज, मी पैज लावतो की ते दोन गाद्यांच्या फटीत चिवड्याच्या शेंगदाण्याबरोबर सापडेल. नवीन गाडीत मागे तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे बेल्ट आणि तिन्ही जागांना हेडरेस्ट आहेत का, हे ज्या व्हेरियंटचे पैसे देणार त्याच व्हेरियंटमध्ये हात लावून बघा, डिस्प्लेला उभी असते ती नेहमी टॉपची असते. आणि हो, बेल्टचा तो टुंग टुंग आवाज बंद करायला खोटी क्लिप मिळायची बाजारात, सरकारने २०२३ मध्ये ऑनलाइन साइटवरून ती काढायला लावली. कुणी अजून फुकट देत असेल तर घेऊ नका. एअरबॅग हा बेल्टचा जोडीदार आहे, बेल्ट नसेल तर तीस-चाळीस मिलिसेकंदात फुगणारी ती पिशवी पुढे फेकल्या गेलेल्या माणसाला उलटी मारते.

मुलीसाठी चाइल्ड सीट. इथे मी जरा कडक बोलतो. सतरा लाखांची गाडी घेणारे लोक चाइल्ड सीटला महाग म्हणतात आणि त्याच दिवशी अलॉय व्हील बदलतात. एनकॅपचे मुलांसाठीचे ४९ पैकी ४२ मार्क हे बरोबर बसवलेल्या चाइल्ड सीटमधल्या बाहुल्यांना मिळालेत, आजीच्या मांडीवरच्या नातीला नाही. मांडीवर घट्ट धरलंय म्हणून काही होत नसतं, पन्नासच्या स्पीडला धडक झाली तर सोळा किलोच्या पोरीचं ओझं काही क्षण शेकडो किलोंचं होतं, पैलवान असला तरी हात सुटतात. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे लोखंडी कडे असतात, त्यात सीट खट्ट आवाज करून बसते, आणि वरून एक पट्टा सीटच्या पाठीमागच्या हुकाला जातो, तो बरेच जण लावतच नाहीत. चार वर्षांच्या मुलीला पाच पट्ट्यांची सीट अजून चालेल, वजन-उंची त्या सीटच्या लिमिटबाहेर गेली की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी गादी. कायद्याने पण चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लागते, मोटार वाहन कायदा कलम १९४ ब, दंड हजार रुपये. सीट घ्यायला जाल तेव्हा गाडीत बसवून दाखव म्हणा दुकानदाराला, आणि बसवल्यावर धरून हलवून बघा, दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर नीट बसलेली नाही.

काचेची कड बघा अजून एक. हल्ली डिझाइनच्या नावाखाली खिडकीची खालची रेघ मागे जाता जाता वर चढत जाते आणि छप्पर खाली उतरत येतं, बाहेरून गाडी पळतेय असं दिसतं, आत मागे बसलेल्या पोराला फक्त आभाळ दिसतं आणि मग उलट्या. व्हर्नाचं छप्पर मागे चांगलंच उतरतं, दिसते छान, पण उंच माणसाचं डोकं टेकतं. सिटीची मागची सीट मला चौघींत आरामाची वाटते. चाइल्ड सीटमुळे मुलगी थोडी वर बसेल, तरी तिला खिडकीतून झाडं दिसतायत का ते तिलाच विचारा, चार वर्षांची मुलं खोटं बोलत नाहीत.

एडासचं थोडक्यात. सिटीत सगळ्यात खालचं व्हेरियंट सोडलं तर आहे, एका कॅमेऱ्यावर चालतं. व्हर्नात वरच्या व्हेरियंटला आहे, कॅमेरा आणि रडार दोन्हींवर. व्हर्टस-स्लाविया २०२२ मध्ये आल्या त्या एडासशिवायच. घोडबंदर रोडला लेन सांभाळणारं फीचर कुठली लेन सांभाळणार, मेट्रोचे बॅरिकेड, त्यातून उलटा येणारा रिक्षावाला, ते मशीन तरी काय करेल बिचारं. पण समृद्धीवर सरळ रस्त्याला दुपारी जेवून निघालं की डोळा लागतो, तिथे गाडी लेनबाहेर जाताना स्टिअरिंग थरथरलं तर उपयोग आहेच, आणि समोरची गाडी थांबली असताना तुमचं लक्ष फोनकडे असेल तर आपोआप ब्रेक लागतो, हेही खरं. मिळत असेल तर घ्या, पण त्याच्यासाठी पिंजऱ्यावर तडजोड करू नका. सहा एअरबॅग आणि ईएससी आता चौघींत खालच्या व्हेरियंटपासूनच मिळतात, आणि पहिल्या पावसात गायमुखच्या उतारावर ट्रेलरच्या डिझेलने रस्ता निसरडा होतो तेव्हा गाडी फिरू न देणारं ते ईएससी एडासपेक्षा जास्त वेळा कामी येतं, फक्त ते काम करतं तेव्हा कळत नाही म्हणून कुणी त्याची जाहिरात करत नाही.

सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवायचं, आहे का तुमच्या? पत्रात लिहिलं नाहीत. असेल तर बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली जा. सिटी ४५८३ मिलीमीटर लांब, व्हर्टस ४५६१, स्लाविया ४५४१, व्हर्ना ४५३५ पण रुंदीला सगळ्यात जास्त, १७६५. माझ्या ओळखीच्या एकाने मानपाड्याला सेदान बुक केली आणि वॉचमन म्हणाला साहेब तुमच्या पॅलेटला ही मागून बाहेर राहील, मग दोन महिने गाडी रस्त्यावर. आणि रॅम्पला, स्पीडब्रेकरला खालून घासायची भीती असेल तर व्हर्टस-स्लावियाचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ आहे, सिटीचा १६५. लांबीचं अडत असेल आणि बजेट पण खाली आणायचं असेल तर डिझायर बघायला लाजू नका, चार मीटरच्या आतली म्हणून जीएसटी १८ टक्के, मोठ्या सेदानना ४०, आणि २०२४ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपकडून पाच स्टार आणि ३४ पैकी ३१.२४ मिळाले. फक्त हे ३१ त्या २९ पेक्षा भारी असं समजू नका, समोरची टेस्ट म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर, जास्त वजनाच्या गाडीशी झाली तर हलकी गाडी जास्त मार खाते.

मला विचाराल तर व्हर्टस किंवा स्लाविया, एक लिटरचं इंजिन, मधलं किंवा त्याच्या खालचं व्हेरियंट, दोन्ही एकाच सांगाड्यावर आपल्या चाकणलाच बनतात, जिचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ पडेल ती. सनरूफचे वाचलेले पैसे चाइल्ड सीट आणि चांगल्या टायरमध्ये. आई तिच्यात चढता-उतरताना कुरकुरल्या, आणि सिटीत नाही कुरकुरल्या, तर सिटी घ्या, एडासवालं व्हेरियंट घ्या, आणि समृद्धीवर शंभरच्या वर जाऊ नका. गावी जाता-येता आई त्या सीटवर बसणार आहेत, रिपोर्टमधली बाहुली नाही.

गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी लोक सीट कव्हर शिवायला जातात. जाऊ नका. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग लिहिलेला छोटा कापडी टॅग असतो, साइड एअरबॅग तिथून शिवण फाडून बाहेर येते. मी एका दुकानात कव्हर घालून घेतले होते, त्याने टॅग पण आत शिवून टाकला, जाड रेक्झिन, दुहेरी दोरा, वर म्हणाला साहेब दहा वर्षं हलणार नाही. तीच तर पंचाईत. मी घरी येऊन ब्लेडने उसवले. पुढच्या बंपरला क्रॅश गार्ड पण नको, ते २०१७ पासून बंदच आहेत, आणि लावले की धक्का चुरगळणाऱ्या नाकाला न मिळता थेट सांगाड्याला जातो, एअरबॅगच्या सेन्सरचा पण हिशोब चुकतो.

बुकिंग, डिलिव्हरी, सगळं होईपर्यंत महिना-दोन महिने जातील, तोवर सिन्नरला त्याच जुन्या हॅचबॅकने जाणार असाल. आज रात्री खाली उतरून टॉर्चने टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं शोधा, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचे पण बघा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे निघाले तर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ते टायर नेऊ नका, बदला, किंवा यावेळी एसटीने जा.